शिवेची जाडी

अण्णा, तुमचा शब्द मी वापरला नाही. मला शीव म्हणायचं होतं आणि मी शीवच म्हटलं, भरल्या सभेत, माइक हातात धरून, आणि आवाजसुद्धा कापला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेलं आवडायचं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या माघारी जन्मलेली माझी नात आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी जिथून लिहिते आहे ते डार्मश्टाट गाव तुम्ही नकाशावर कधी बोट ठेवूनही पाहिलं नसेल. समोरच्या बाल्कनीतली बाई रोज सकाळी गाद्या-दुलया कठड्यावर टाकून झटकते, खाली ट्राम वळताना कण्हते, आणि मी चहा घेऊन तुमच्याशी भांडत बसते. गाव बदललं, देश बदलला, म्हणून काही आपला वाद मिटत नाही.

आठवीचा वर्ग आठवा. शाळेत तुम्हाला सर म्हणायचं आणि घराचा उंबरा ओलांडला की अण्णा, हा तुमचाच नियम. टेबलावर काचेचा पेला आहे. तुम्ही त्यात पाणी ओतता, त्यावर अलगद करडईचं तेल सोडता. तेल वर जाऊन बसतं. तुम्ही पेला उजेडात धरता आणि विचारता, "तेल संपतं आणि पाणी सुरू होतं, त्या जागेला काय म्हणतात?" मी हात वर करते. "शीव, सर." वर्ग हसत नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही सगळ्यांनीच शीव पाहिली होती, ओढ्यापलीकडचा तो गवताळ पट्टा, जिथे आपल्या गावची आणि शेजारच्या गावची गुरं एकत्र चरायची आणि संध्याकाळी आपापल्या वाटेने परतायची. हसलात ते तुम्ही. "शीव गावाला असते. शास्त्राला आंतरपृष्ठ असतं." मग फळ्यावर तो शब्द लिहिलात, ठसठशीत, जोडाक्षर गिरवून, आणि तास संपेपर्यंत मला तो म्हणायला लावलात. आंतरपृष्ठ, आंतरपृष्ठ. जिभेला गाठ बसल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून, माझ्याकडे न बघता, तिला हा किस्सा सांगता आहात. आईचा हात थांबत नाही. ती म्हणते, "मग त्यात काय चुकलं पोरीचं? तेल आन पानी शेजारची दोन गावंच की." आणि तुम्ही म्हणता, "तू भाकरीकडे बघ. करपेल." अण्णा, भाकरी करपली नाही. आईची भाकरी कधी करपायचीच नाही. पण त्यानंतर तुमच्या विषयात आई तुमच्यासमोर बोलली असं मला आठवत नाही. पाण्याला वाफ आली तरी ती म्हणायची, "तुमचं ते काय ते झालं बघा." तुम्हाला वाटायचं ती चेष्टा करते. ती चेष्टा करत नव्हती. तिच्या घरातला तिचा शब्द तुम्ही काढून घेतला होता, म्हणून ती हात राखून बोलायला लागली होती.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. पुण्याला कॉलेजात तुम्ही उभं राहून उत्तर दिलंत, उत्तर बरोबर होतं, पण बोलण्यात एक 'हाय' निसटलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला, हे आईनेच मला नंतर सांगितलं. तेव्हापासून तुम्ही अंगावर शब्दांचा कोट चढवलात आणि बटणं वरपर्यंत लावलीत. तिथल्या थंडीत तो लागला असेल. मी नाही म्हणत नाही. पण आम्हाला आपल्या गावच्या उन्हाळ्यात तो कशाला घालायला लावलात?

माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही परिभाषेचा कोश दिलात, खाकी कव्हर घातलेला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्याचं सूनबाईनी काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "ते ती ठरवेल." त्या एका वाक्यामुळे मला तुमच्यावर जन्मभर पुरेल एवढं रागावता आलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे. कॉलेजात पाठवायचं तेवढं मात्र तुम्हाला जमलं नाही. मग मी माझं माझं शिकले. लेक कॉलेजला गेली की दुपारी तिची पुस्तकं काढायची, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तुमचा कोश, मांडीवर निवडायची मेथी. अर्धं कळायचं, अर्धं लेकीला विचारायचं. ती आधी सांगायची. पुढे पुढे म्हणायला लागली, "आई, आता नाही गं तुला कळायचं." मग ती जर्मनीला आली, इथेच राहिली, इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये लागली. ती दिवसभर काय करते हे मला कोणी विचारलं की मी "प्लास्टिकचं काहीतरी" एवढंच सांगायचे. पोटच्या पोरीचं काम, आणि 'काहीतरी'!

ते कसं बदललं तेही ऐका. लेकीकडे राहायला आल्यापासून मी इथे फोल्क्सहोखशूलमध्ये जर्मन शिकायला जाते, म्हणजे आपल्याकडच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गासारखं. तिथल्या बाईंनी एकदा फळ्यावर दोन बागा काढल्या, मध्ये कुंपण काढलं आणि म्हणाल्या, "ग्रेन्त्से." म्हणजे हद्द, सीमा. मी वहीत लिहिलं, शीव. घरी आले तर लेक फोनवर कोणाशी तरी तावातावाने बोलतेय आणि दर वाक्यात ग्रेन्त्स, ग्रेन्त्स. तिने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "खरं सांग. व्हिसाचं काही अडलंय का? आउसलेंडरबेहोर्डेतून, त्या परदेशी लोकांच्या कचेरीतून बोलावलंय? आपल्याला हद्दीबाहेर काढतायत का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग जी हसायला लागली ती खुर्चीवर बसलीच. "अगं आई, ग्रेन्त्सफ्लेशे! ते माझं काम आहे. दोन थर एकमेकांना भेटतात ती जागा." मी म्हटलं, "म्हणजे शीव." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "जर्मन लोक तुमच्या शास्त्रात त्या जागेला शीवच म्हणतात की. सरळ, घरातल्या शब्दाने."

अण्णा, तुम्ही तिथे असायला हवं होतं. एवढे मोठे शास्त्रज्ञ यांच्याकडे होऊन गेले आणि कुंपणाचा शब्द प्रयोगशाळेत न्यायला कोणाला लाज वाटली नाही.

त्या दिवशी तिने वेफर्सची रिकामी पिशवी कापून माझ्यापुढे धरली. "ही एक नाही, आई. पातळ पातळ थर आहेत, एकावर एक. एक हवा अडवतो, एक ओल अडवतो, एक चिकटून राहायला." मी विचारलं, "आणि त्या थरात काय असतं?" म्हणाली, "लांबच लांब माळा. एकमेकींत गुंतलेल्या." "शेवयांसारख्या?" "हो, पण जिवंत असल्यासारख्या हलणाऱ्या. थंड असलं की जागच्या जागी थरथरतात, तापवलं की सुटतात आणि गुंत्यातून वाट काढत सरपटतात. साप गवतातून जातो ना, तसं." मी म्हटलं, "मग शिवेजवळच्या आखडून बसत असतील. परक्या गावाला लागून कोण मोकळं वागेल?" ती म्हणाली, "चुकलं. शेजारी कोण आहे त्यावर आहे. शेजारी काचेसारखा कडक असेल आणि त्याने धरून ठेवलं, तर आखडतात. दुसऱ्या बाजूला नुसती हवा असेल तर उलट मोकळ्या होतात, आतल्यांपेक्षा जास्त हलतात." मी चुकले, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चुकायला तरी आत शिरावं लागतं. इतकी वर्षं ती मला दारातच उभी करत होती.

मग रोज संध्याकाळी ती घरी आली की मी विचारायचे आणि ती सांगायची. कधी कणकेच्या दोन गोळ्यांवर, कधी मेणबत्तीच्या मेणावर. एकदा ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणाली, "थर जाड असला तर बहुतेक माळा आत असतात, त्यांना कडेचा पत्ताही नसतो. पण थर पातळ करत गेलं ना आई, की एक वेळ अशी येते की आत असं कोणी उरतच नाही. सगळ्याच शिवेजवळच्या. मग सगळा थरच वेगळा वागतो." तिने 'शिवेजवळच्या' म्हटलं ते बोलण्याच्या भरात. मी मनातल्या मनात गुळाचा खडा तोंडात टाकला.

आता भांडणाकडे येते. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. मंडळाचं काम बघणारी पुण्याची एक मुलगी आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, मनाने फार चांगली. तिचा फोन आला. "काकू, तुम्ही काहीतरी करा ना आमच्यासाठी. उकडीच्या मोदकांचं प्रात्यक्षिक?" मी म्हटलं, "मोदक तुम्ही यूट्यूबवर बघा. मी प्लास्टिकवर बोलते. त्यातल्या माळा शिवेजवळ कशा हलतात त्यावर." पलीकडून हळूच, "काकू, शीव म्हणजे... सायन का?" मी पोटभर हसले. तिनेही हसून घेतलं, पण मग म्हणाली, "काकू, राग मानू नका हं, स्लाइड्स इंग्लिशमध्ये ठेवू या का? किंवा मग शुद्ध मराठी तरी. आंतर-काहीतरी शब्द आहे ना? शीव जरा गावठी वाटेल. इथे सगळे इंजिनिअर असतात."

तिला काय बोलणार? ती तुमची नात शोभेल. पण माझी लेकही तेच म्हणाली तेव्हा मात्र मला लागलं. भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता म्हणाली, "आई, तिथे माझ्या इन्स्टिट्यूटमधले लोक येणार आहेत. तू आंतरपृष्ठ म्हण ना. आजोबा म्हणायचे तसं."

"का? शीव कळणार नाही त्यांना?"

"कळेल. हसतील."

"मला हसतील की तुला?"

ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. मलाच हसतील. मी इथे किती कष्टाने उभी राहिलेय तुला माहितीये. आणि तू माझं काम गुराढोरांत नेऊन बांधणार."

"तू आजोबांची बाजू घेतेयस."

"मी कोणाची बाजू घेत नाहीये! तुला भाषण करायचंय की आजोबांशी भांडायचंय, ते आधी ठरव."

मी म्हटलं, "दोन्ही."

ती दार जरा जोरातच लावून आत गेली. अण्णा, खरं सांगायचं तर तेव्हा मी डगमगले. पोरीची मान खाली जाईल असं काही मला करायचं नव्हतं. पण मग आईचा तो खाली बघून भाकरी थापणारा हात डोळ्यांपुढे आला. आठवीतली मी तास संपेपर्यंत तुमचा शब्द घोकत बसले, कारण मला दुसरी वाट नव्हती. आता माझे गुडघे दुखतात, दात नकली आहेत, पण वाट आहे. आणि मला असंही वाटलं की मी आता तुमचा शब्द घेतला, तर माझी लेक मला पुन्हा दारात उभी करेल. मी तिचं काम पाठ केलेलं असेल, समजलेलं नसेल. मला कळलं ते शीव या शब्दातून कळलं. तो शब्द बाजूला ठेवून मी काय बोलणार होते?

हॉल म्हणजे चर्चच्या मालकीची एक लांबट अरुंद खोली. मागे कॉफीच्या किटल्या, वड्यांचा वास, लहान पोरांचं जर्मनमध्ये रडणं. मी उभी राहिले, म्हटलं, "आज मी तुम्हाला शिवेवर घेऊन जाणार आहे." मागून एकाने लगेच आवाज टाकला, "काकू, सायन स्टेशन का? हार्बर की सेंट्रल?" सगळे खो खो हसले. लेक किटल्यांजवळ उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "हो, सायनच! मुंबईची हद्द तिथे संपायची म्हणून त्या जागेचं नाव शीव. साहेबाला म्हणता आलं नाही म्हणून सायन झालं. तुम्ही कितीदा शिवेवर उतरलात आणि तुम्हाला पत्ता नाही." पुन्हा हसले, पण या खेपेला माझ्या बाजूने.

मग मी त्यांना खुर्च्या हलवायला लावल्या. पुणेकरांनी भिंतीला लागून हातात हात धरून माळ करायची, मुंबईकरांनी दाराच्या बाजूला. पुण्याचा एक गृहस्थ म्हणाला, "आम्हाला भिंतच बरी. पाठ टेकायला होते." मी म्हटलं, "टेका, आणि एक हात भिंतीला धरूनच ठेवा. आता चाला." कसले चालतायत! भिंत धरलेला माणूस सगळ्या माळेला ओढ लावत होता. दाराकडचे मात्र मोकळे, झुलतायत, एक तर बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. मी म्हटलं, "आता दोन्ही माळांची टोकं एकमेकांत जाऊ द्या. टोकाचा एक हात मोकळा असतो, म्हणून तेच आधी घुसतं." घुसले की! ठाण्याच्या एक बाई दोन पुणेकरांच्या मधून अशा सराईतपणे शिरल्या की टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "आता दोघांना वेगळं करून दाखवा." ओढाओढ झाली, हसून हसून पुरेवाट झाली, माळा सुटेनात. "थर थराला असा चिकटतो," मी म्हटलं, "डिंक लावून नाही, शीव ओलांडून. आणि आता मला सांगा, या खोलीत मध्ये कोण आहे? ज्याला ना भिंत लागते, ना दार, ना शेजारची माळ?" सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.

तेवढ्यात लेकीच्याच इन्स्टिट्यूटमध्ये पीएच.डी. करणारी सोलापूरची मुलगी हात वर करून म्हणाली, "काकू, पण शीव म्हणजे एक रेघ का? ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली म्हणायची?" मी म्हटलं, "हे मला येत नाही. जिला येतं ती तिकडे कॉफीमागे लपलीय."

सगळ्यांच्या माना वळल्या. लेक लाल झाली, हातातला कप ठेवायला तिला जागा सापडेना. ती पुढे आली, माइक घेतला नाही. "आल्झो," म्हणाली, म्हणजे आपलं 'तर मग', आणि थांबली. मला वाटलं, आता इंग्रजी येईल, नाहीतर तुमचा शब्द येईल. "आल्झो... रेघ नाहीये ती. शिवेला जाडी असते. दोन्हीकडच्या माळा जिथे मिसळल्यात तो सगळा पट्टा म्हणजे शीव. दोघांचं जमत असेल तर ती रुंद होते, नसेल तर अगदी चिंचोळी राहते. मी..." तिने माझ्याकडे पाहिलं. "मी तीच मोजते. शिवेची जाडी."

अण्णा, माझी लेक काय काम करते ते आता मला कोणीही विचारावं.

आणि आता तुम्ही ऐका. तुमचं पृष्ठ किती जाड असतं? नसतंच. पृष्ठ म्हणजे नुसती वरची बाजू, तिच्यात माणूस उभा राहू शकत नाही, माळही नाही. आपल्या गावची शीव कधी तरी रेघ होती का? ओढ्यापासून टेकाडापर्यंत पसरलेली होती, दोन्हीकडची गुरं तिच्यात चरायची. आईला हे ठाऊक होतं. मला आठवीत ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, तुम्ही त्याच ओढ्यात पोहायला शिकलात. तुम्ही फक्त कोटाची बटणं सोडायला तयार नव्हतात. माझा शब्द चुकीचा नव्हता, अण्णा. तो वर्गात चालायला हवा होता, आणि आईला त्या संध्याकाळी पुढे बोलू द्यायला हवं होतं. घरी येताना ट्राममध्ये लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आजी असती तर काय म्हणाली असती गं?" मी म्हटलं, "काही नाही. तिने सांगूनच ठेवलंय."

एवढं झाल्यावर इथेच थांबायला हरकत नव्हती. पण तुमच्याशी बोलताना हातचं राखून ठेवायची मला सवय नाही. या भाषणाचा सराव मी घरात कोणी नसताना ओट्याशी उभी राहून करायचे. माझी बाजू मांडून झाली की घसा खाकरून तुमचीही मांडायचे, तुमच्याच आवाजात. आणि तुम्ही म्हणायचात, "शीव म्हटली की मोजणी आली, तंटा आला, लाठ्याकाठ्या आल्या. तुझ्या त्या माळा गुपचूप पलीकडे जाऊन मिसळतात. त्यात तंटा कुठे आहे? ज्या शब्दातून भांडण बाहेर काढता येत नाही, तो शास्त्राला कसा चालेल?" यावर मला उत्तर सुचलं नाही. भाजी चिरून झाली, फोडणी पडली, कुकर उतरला, तरी नाही. सभेत कोणी विचारलं नाही म्हणून निभावलं. अजूनही सुचलेलं नाही. आणि हे तुम्हाला कळता कामा नये, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.